मेंदूच्या स्पेक्ट स्कॅनबद्दल: सोसायटी ग्रुप, होटगी रोड, सोलापूर

सी-२०३ (न्यूरो): दुपारी फॉरवर्ड आलाय, ‘एका स्कॅनमध्ये डिप्रेशन, एडीएचडी, विसरभोळेपणा सगळं कळतं’. त्याच्या भरवशावर कुणी पैसे भरू नका. चित्रातला स्कॅन म्हणजे मेंदूचा स्पेक्ट. विस्मृतीचा प्रकार ओळखायला आणि फिट कुठून उठते ते शोधायला तो खरोखर कामाचा आहे. डिप्रेशन, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) अशा मानसिक आजाराचं निदान त्यावरून होत नाही.

ए-१०४: डॉक्टर, मामंजींना विस्मृतीसाठी हाच लिहून दिलाय. एमआरआय झालाय की हो, मग परत हे कशाला?

सी-२०३: ताई, एमआरआयमध्ये रचना दिसते: गाठ, जुना पक्षाघाताचा झटका, आकसलेला भाग. स्पेक्टमध्ये कुठल्या भागाला किती रक्त पोचतंय ते दिसतं. जो भाग कमी काम करतो, तिथला रक्तप्रवाहही कमी होतो, आणि तो कुठे कमी आहे यावरून विस्मृतीचा प्रकार सुचतो. अल्झायमरमध्ये दोन्ही कानांच्या वरचा-मागचा भाग आणि मध्यरेषेजवळचा मागचा भाग फिका पडतो. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात कपाळामागचा. लेवी बॉडी प्रकारात अगदी मागचा, दृष्टीचा भाग. छोट्या झटक्यांमुळे असेल तर ठिगळं पडल्यासारखं दिसतं. लेवी बॉडी वेळेत कळणं फार गरजेचं, कारण भास होतात म्हणून हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर असा पेशंट एकदम ताठरतो, खालावतो. बी१२ आणि थायरॉइड आधी तपासलंय ना? त्यांच्यामुळेही विसरायला होतं, म्हणून नसेल तर ते पहिलं.

ए-१०४: बी१२ झालंय, थायरॉइड राहिलंय. उद्याच करते. तयारी काय करायची?

बी-३०२ (न्यूक्लियर मेडिसिन टेक्निशियन): ताई, आदल्या दिवसापासून चहा-कॉफी, तंबाखू, मावा बंद. पुण्याला हुतात्मा एक्सप्रेसनं नेणार असाल तर गाडीतला चहासुद्धा नको. नेहमीच्या गोळ्या मनानं थांबवू नका, यादी सोबत न्या.

तिथं आधी हातात कॅन्युला (शिरेतली बारीक नळी) लावतात, मग मंद उजेडाच्या शांत खोलीत १५-२० मिनिटं नुसतं पडून राहायचं. बोलायचं नाही, मोबाईल नाही. मग त्याच कॅन्युलातून औषध देतात, किरणोत्सर्गी टेक्नेशियम ९९एम जोडलेलं एचएमपीएओ किंवा ईसीडी, साधारण २० मिलिक्युरी (किरणोत्सर्गाचं माप). पुढची ५ मिनिटंही गप्प. हे औषध एक-दोन मिनिटांत मेंदूत शिरून तिथंच अडकतं. म्हणजे फोटो तास-दीड तासानं काढला तरी दिसतो तो सुईच्या वेळचा रक्तप्रवाह! शीर शोधताना ओरडाआरडा झाला, नातेवाईक बोलत बसले, तर चित्र तिथंच बिघडतं. मोबाईल बघत असतील तर दृष्टीचा भाग जास्त रक्त ओढतो, आणि लेवी बॉडीचा प्रश्न असेल तर नेमका तोच पुरावा पुसट होतो.

काका अस्वस्थ होत असतील तर आधीच सांगा. झोपेचं औषध सुईनंतर किमान ५ मिनिटांनी देतात, आधी नाही. स्कॅन २०-३० मिनिटांचा. डोकं हललं तर फोटो परत काढता येतो, सुई परत लागत नाही, कारण टेक्नेशियमचं अर्धायुष्य ६ तासांचं आहे, म्हणजे निम्मं व्हायलाच तेवढा वेळ लागतो. वेळ मात्र पाळा. साधं एचएमपीएओ बनवल्यापासून अर्ध्या तासात द्यावं लागतं, पेशंट उशिरा आला की वाया जातं. औषधाचं किट कुठल्या दिवशी असतं ते फोनवर विचारूनच तिकीट काढा. एमआरआयची सीडी न्या, नुसती फिल्म नको.

डी-४०१: फिटसाठी पण असंच का, दादा?

बी-३०२: उलटं. तिथं फिट चालू असतानाच सुई हवी. व्हिडिओ ईईजीखाली (मेंदूच्या विद्युत लहरी आणि व्हिडिओ एकत्र नोंदवत) ॲडमिट करतात, भरलेली सिरिंज खाटेजवळ तयार असते आणि फिट सुरू झाल्यावर काही सेकंदांत औषध जातं. उशीर झाला तर फिट पसरून जिथं पोचली तो भाग उजळतो, उगम राहतो बाजूला. फिट नसतानाचा दुसरा स्कॅन त्यातून वजा करून फरक एमआरआयवर बसवतात. गोळ्यांनी फिट थांबत नाहीत आणि ऑपरेशनचा विचार आहे, अशांसाठीच हा खटाटोप.

ई-५०२ (मानसोपचार): फॉरवर्डमधल्या ‘मेंदूला खड्डे’ फोटोबद्दल. ते खड्डे नाहीत. ठरावीक मर्यादेपेक्षा रक्तप्रवाह कमी दिसला की कॉम्प्युटर तो भाग चित्रातून काढून टाकतो. मर्यादा वर-खाली केली की खड्डे येतात-जातात, रंगांचंही तसंच. डिप्रेशनच्या शंभर जणांची सरासरी काढली तर कपाळामागे प्रवाह कमी दिसू शकतो, पण एकट्या माणसाचा स्कॅन बघून त्याला डिप्रेशन आहे की नाही हे सांगता येत नाही. निरोगी माणसांचे आकडेही त्याच पट्ट्यात येतात. वय आणि औषधांनीही फरक पडतो. डिप्रेशन, एडीएचडीचं निदान बोलून, तपासून, घरच्यांना आणि शाळेला विचारूनच होतं. त्यासाठी लेकराला किरणोत्सर्गी औषध टोचू नका, ही कळकळीची विनंती.

ए-१०४: स्कॅननंतर घरी काही पथ्य? नात वर्षाची आहे.

बी-३०२: भरपूर पाणी, सारखी लघवी. तो एक दिवस नातीला मांडीवर नको, दुसऱ्या दिवशी खुशाल घ्या. आणि चिठ्ठीवर ‘अल्झायमर की लेवी बॉडी’ असा नेमका प्रश्न डॉक्टरांकडून लिहून घ्या. नुसतं ‘विस्मृती’ लिहिलं तर रिपोर्टही तसाच मोघम येतो.