केगातला संत्रा सोडा: ग्लासात फेसच फेस, तोंडात नुसतं सरबत

बांधावरून

राम राम मंडळी. वरुड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. पुण्यातल्या एका मित्राने घरच्या बिअरचा नाद सोडला आणि त्याचे दोन स्टीलचे केग (दाब सहन करणाऱ्या बंद टाक्या, १९ लिटरच्या), गॅसचा दाब कमी-जास्त करणारा दोन घड्याळांचा रेग्युलेटर, हातभर नळी आणि नळीच्या टोकाला लावायचा, अंगठ्याने दाबायचा पिकनिक टॅप माझ्या गळ्यात घातला. सध्या मृग बहराची संत्री निघताहेत. चुरीला (बारीक फळाला) व्यापारी हात लावत नाही, म्हणून तिचा रस काढून सोडा करायचं डोक्यात घेतलं. मे महिन्यात बहिणीचं लग्न घरीच आहे. मांडवात टॅप दाबला की गार संत्रा सोडा, असा थाट करायचा आहे.

रस, पाणी, साखर, थोडं काळं मीठ केगात भरलं. फ्रीज १९० लिटरचा सिंगल डोअर, त्यात केग मावत नाही, फ्रीझरचा डबा आडवा येतो. म्हणून प्लास्टिकच्या टबात बर्फ टाकून केग त्यात ठेवला आणि सिलिंडरमधला सीओटू गॅस (कार्बन डायऑक्साइड) ३० पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं माप) लावून ठेवला. बर्फ दुपारपर्यंत पाणी होतो, संध्याकाळी परत टाकतो. टॅप दाबला की ग्लासभर पांढरा फेस येतो आणि तो बसला की खाली राहतं ते सपक सरबत. दाब वाढवला तर फेस वाढतो, कमी केला तर सोडा लागतच नाही.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. सिलिंडर टिनाच्या शेडमध्ये आहे. सकाळी मोठ्या घड्याळाचा काटा साठ बारच्या (बार हेही दाबाचंच माप) आसपास असतो, दुपारी नव्वदच्या वर जातो. आई म्हणते, आधी ते घराबाहेर काढ. फुटेल का?

आणि फ्रीजमधला तो डबा काढून, बाजूला भोक पाडून केग बसवता येईल का? यूट्यूबवर सगळे पाडतात. हे जमलं तर पुढे बिअरही करून बघायची इच्छा आहे.

गोटीसोडा

गॅस कुठून भरून आणला ते लिहिलं नाही. वेल्डिंगवाल्याकडचा असेल तर पिण्याच्या कामाला वापरू नका. सीओटू तोच असला तरी तो सिलिंडर, व्हॉल्व्ह, भरण्याची लाईन खाण्यापिण्याच्या हिशेबाने सांभाळलेली नसते. परतवाड्याला आमच्याकडे वडिलांच्या काळात गोटी सोड्याचं मशीन होतं, त्यामुळे सांगतो: तालुक्याच्या गावात अजून कोणी सोडा भरणारा असेल तर त्यालाच विचारा तो गॅस कुठून आणतो. त्याचा पुरवठादार फूड ग्रेड देतो का, सिलिंडर बदलून देतो का, तेही विचारून घ्या.

सिलिंडरच्या खांद्यावर हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने केलेल्या तपासणीची) तारीख ठोकलेली असते ती बघा. पाच वर्षं उलटून गेली असतील तर कोणताही नीट विक्रेता तो भरणार नाही, आणि जो भरून देतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

बाकी गोटीची बाटली लंडनच्या हायरम कॉडने १८७२ साली पेटंट केली. तिथली केव्हाच बंद पडली, आपल्याकडे जत्रेत अजून चालते. तुमच्या लग्नात गोटी सोडाच ठेवा म्हणतो मी, पण तुम्ही ऐकणार नाही.

पऱ्हाटी

भाऊ, सिलिंडरचं आधी सांगतो, कारण त्यानं घरच्या लोकायची झोप उडाली दिसते. मी दर्यापूर तालुक्यातला, फ्रीज-कूलरचा मेकॅनिक. त्याआधी बरीच वर्षं पुण्यात हॉटेलात बिअरच्या ड्राफ्ट लाईनी (केगातून टॅपपर्यंतच्या नळ्या) बसवायचं न दुरुस्तीचं काम केलं. हे दोन्ही धंदे इथं कामाले येतात.

सीओटूच्या सिलिंडरमध्ये नुसता गॅस नसते. खाली द्रव राहते न वर त्याची वाफ. तुया घड्याळात दिसते तो त्या वाफेचा दाब, न तो तापमानावर चालते. २० अंशाले ५७ बार, ३१ अंशाले ७४ च्या जवळ. आता ३१ च्या वर गंमत होते: सीओटू द्रव म्हणून राहतच नाई, कितीही दाब दे. सगळा मिळून एक दाट गॅस होते न काटा भराभर वर चढते. टिनाखाली दुपारी चाळीस-बेचाळीस असन, म्हणून नव्वद दिसले. ठरलेल्या वजनाइतकाच भरला असन त सिलिंडर तेवढ्यासाठीच बनवलेला आहे, फुटत नाई. जास्त भरलेला असन त मात्र धोका आहे, कारण द्रवाले फुगायले जागाच राहत नाई. म्हणून आज काट्यावर ठेवून वजन करजो. रिकामं वजन खांद्यावर ठोकलेलं राहते, ते वजा कर न जे उरन तो तुया गॅस. त्यात किती गॅस उरला हे घड्याळ कधीच सांगत नाई, द्रवाचा शेवटचा थेंब संपेस्तोवर ते तेच दाखवते. कापसाचा काटा घरी असनच.

टिनाखालून तेवढा काढ. सावलीत, उभा, साखळीनं भिंतीले बांधून. आडवा केला त रेग्युलेटरमध्ये द्रव घुसते न रेग्युलेटर कामातून जाते. न मायबाई म्हणते त्यात तथ्य आहे: बंद खोलीत, जिथं कोणी झोपते तिथं नोको. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचते, वास येत नाई.

आता फेस. तुया सोड्याले गॅस कमी पडत नाई, गरमी जास्त पडते. थंड पाण्यात गॅस विरघळते, गरम पाण्यातून पळते, सगळा खेळ एवढाच आहे. हिशेब सांगतो. बिअरवाले गॅस व्हॉल्यूममध्ये मोजतात, म्हणजे एक लिटर पेयात किती लिटर गॅस. बिअरले अडीचच्या आसपास लागते, सोड्याले साडेतीन-चार. ४ अंशाले १२ पीएसआय लावला की अडीच व्हॉल्यूम बसते. तेच ३० अंशाले बसवायचं असन त चाळीसच्या वर पीएसआय लागते. तुया टबात बर्फ असते तेव्हा गॅस जाते, दुपारी बर्फ वितळला की जेवढा गेला तेवढाच भायेर यायले पाहते. टॅप उघडला की तो एकदम सुटते न ग्लासात फेस होऊन उडून जाते. तोंडात काय राहीन? सरबत.

दुसरं कारण तुयी हातभर नळी. केगात २०-२५ पीएसआय न टॅपच्या तोंडाशी शून्य. एवढा दाब मधात कुठंतरी हळूहळू मोडला पाहिजे, त्यासाठीच लांब न बारीक नळी असते. आतून पाच मिलिमीटरच्या आसपासची नळी घे. बिअरले १२ पीएसआयवर दहा फूट पुरते, सोड्याले वीस फुटाच्या वर लागते. गुंडाळी करून केगच्या डोक्यावर ठेवायची, थंडीच्या आतच. नळी भायेर राहिली त पहिला ग्लास फेसच येईन, हॉटेलातही येते, तिथला वेटर तो गुपचूप सिंकमध्ये ओतते.

तिसरं म्हणजे रसातला चोथा. गॅसचे बुडबुडे त्या कणायले धरून फुटतात. अन् तोच चोथा केगच्या नळ्यात, पॉपेटमध्ये (केगच्या तोंडातल्या स्प्रिंगच्या झडपेत) अडकते, मग टॅप थुंकते.

फ्रीजले भोक पाडू नोको. आजकाल बऱ्याच फ्रीजमध्ये गरम गॅसची नळी बाजूच्या पत्र्याच्या आतूनच फिरवलेली असते, वरून दिसत नाई. ड्रिल गेलं की फ्रीज गेला. वरचा डबा हाच कूलिंगचा भाग राहते, तो वाकवायले गेलं न पिचला तरी तेच. असे यूट्यूब पाहून पाडलेले फ्रीज माह्या दुकानात येतात. पाडायचंच असन त दारातून पाडतात. पण तुयाले त्याची गरज नाई.

जुना डीप फ्रीझर पाह्य, आइस्क्रीम-कोल्डड्रिंकवाल्याचा, वरून झाकण उघडणारा. केग ६३-६४ सेंटिमीटर उंच राहते, वर नळ्यायचे कनेक्टर लावले की सत्तरच्या जवळ जाते, तेवढी आतली उंची मोजूनच घेजो. फ्रीझर उणे अठरावर जाते, म्हणून त्याले भायेरून तापमानाचा कंट्रोलर लावायचा. एसटीसी-१००० नावाचा स्वस्तातला मिळते, वायरिंग कोनताही मेकॅनिक करून देईन. ४ अंशावर ठेव. सेन्सर हवेत लटकवू नोको, केगले चिकटवून वरून थर्माकोलचा तुकडा बांध, नाईत कॉम्प्रेसर दर घडीले चालू-बंद होईन. कंट्रोलरमध्ये कॉम्प्रेसर डिले असते, म्हणजे बंद झाल्यावर परत चालू व्हायच्या मधातला वेळ, तो तीन मिनिटाच्या खाली ठेवू नोको. स्टॅबिलायझर लागनच, आपल्याकडची लाईन तुले माहीतच आहे. गॅसची नळी घालायले झाकणाखाली सागाची चौकट बसवून त्यात भोक पाडतात, पण तात्पुरतं झाकणाच्या रबरातून नेली तरी काही बिघडत नाई. पिकनिक टॅप आतच ठेव. झाकण उघडायचं, ग्लास भरायचा, झाकण बंद.

रीत अशी: आधी केग एक पूर्ण दिवस थंड होऊ दे, गॅस न लावता. मग गॅस लावून झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग चार-पाच वेळा ओढून आतली हवा काढ. मग ३० पीएसआयवर तीन-चार दिवस. घाई असन त थंड केग मांडीवर आडवा घेऊन हलव, गॅस आत जायचा आवाज येते, तो थांबला की झालं. देताना २३-२४ वर आण. सगळ्या जोडावर साबणाचं पाणी लाव, बुडबुडा दिसला की तिथला रबर बदल. बारीक गळती एका रात्रीत सिलिंडर खाली करते. गळती नसन त पाच किलोच्या सिलिंडरात असे विसेक केग सहज होतात.

न शेवटचं माह्यं मत. केगात रस घालूच नोको. फक्त पाणी घाल, त्याचा कडक सोडा कर न रस ग्लासात मिळव. लाईट गेली न केग गरम झाला की गोड रस आंबायले लागते. रसाले स्वतःचं यीस्ट असते, ते कोनाची परवानगी मागत नाई. दाब वाढते, झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडते, न वरून त्याची दारू होते ती वेगळीच. साध्या पाण्याले यातलं काहीच होत नाई, केग धुवायले सोपा न संत्र्याचा वास रबरात मुरत नाई.

बिअरचं म्हणशील त आकडे वर देलेच, मशीन तीच. पण आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना दारू बनवणं गुन्हा आहे, त्यात बिअरही आली. पुण्यातल्या मायक्रोब्रुअरी लायसन घेऊन बसल्या आहेत. मी त्यायच्याच लाईनी बसवत होतो.

सालीसकट

पऱ्हाटीकाकांच्या शेवटच्या मुद्द्याला माझा जोरदार पाठिंबा, पण कारण आणखी एक आहे. नागपुरी संत्र्याचा रस काढल्यावर काही तासांनी किंवा उकळल्यावर कडू होतो. फोडीच्या पांढऱ्या पापुद्र्यात आणि बियांत जे असतं त्यापासून लिमोनिन तयार होतं. ताजा रस प्यायला गोड लागतो, कडूपणा नंतर येतो, म्हणून लोकांना वाटतं साखर कमी पडली, आणि ते साखर ओतत बसतात. केगात चार दिवस ठेवला की कडवटपणा पक्का.

म्हणून मिक्सरमध्ये फिरवू नका. बिया फुटतात. हाताच्या यंत्रावर हलक्या दाबाने काढा, पातळ मलमलीतून गाळा आणि लगेच डीप फ्रीझरमध्ये बर्फाच्या थाळ्यांत गोठवा. मे महिन्यात तुमच्याकडे ताजं संत्रं कुठून येणार? रसाचे गोठवलेले खडे ग्लासात टाकून वर सोडा, हेच उत्तम. सालीचा किस साखरेत चुरडून एक पाक करून ठेवलात तर सुगंध त्यातून येतो, रसापेक्षा जास्त.

केग धुताना ब्लीचिंगचं पाणी वापरू नका, क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात, मग सायट्रिक आम्लाचं पाणी, मग स्वच्छ पाणी.

बांधावरून

सगळ्यांचे आभार. सिलिंडर कालच टिनाखालून काढून आतल्या ओसरीत, खांबाला बांधला. वजन केलं, ठरलेल्यापेक्षा कमीच आहे, म्हणजे जास्त भरलेला नव्हता. आई आता शांत आहे. गॅस वेल्डिंगवाल्याचाच निघाला, तो परत करतोय. आमच्याकडे एकजण अजून सोडा भरतो, त्याला विचारून झालं.

काका, मोर्शीला एका आइस्क्रीमवाल्याचा जुना फ्रीझर मिळतोय. आतून ७४ सेंटिमीटर उंच, पण आत एका बाजूला कॉम्प्रेसरचा कट्टा आहे. दोन्ही केग खाली बसत नाहीत, एक कट्ट्यावर ठेवावा लागेल, तिथं झाकण लागत नाही. घेऊ का? आणि लग्नाच्या दिवशी दीड-दोनशे पाहुणे असतील, एका केगवर भागेल?

पऱ्हाटी

घे. कट्ट्यावर केग नोको, तिथं सिलिंडर ठेव. छोटा असन त आत बसते, थंडीत दाब कमी दिसन, घाबरू नोको. मोठा असन त भायेर सावलीत. घेण्याआधी तासभर चालवून पाह्यजो, मागची जाळी गरम झाली पाहिजे न आतल्या भिंतीले सगळीकडून बर्फ धरला पाहिजे. एकाच कोपऱ्यात धरत असन त गॅस कमी आहे, त्याप्रमाणं भाव पाड.

भागणार नाई. एका केगात १८-१९ लिटर, म्हणजे दोनशे मिलिलिटरचे नव्वद ग्लास, न उन्हाळ्यात मांडवातला माणूस एकावर थांबत नाई. दुसरा केग आधीच थंड करून, गॅस भरून तयार ठेव. एकदा सोडा मुरला की तो केग गॅसपासून सोडवता येते. नळीचा कनेक्टर काढला की केगचं तोंड आपोआप बंद होते. मग तो बर्फाच्या टबात दोन-चार तास उभा राहिला तरी चालते, फक्त टबातला बर्फ संपू देऊ नोको. पहिला संपला की तीच नळी दुसऱ्याले लाव. नळी बदलताना पहिल्याचा उरलेला दाब रिंग ओढून सोडजो, नाईत नवरदेवाच्या अंगावर जाईन.

न मांडवात टॅपवर एक शहाणा पोरगा बसव. बाकीचे पोट्टे टॅप अर्धा दाबतात न मग म्हणतात फेस येते. उघडायचा त पूर्ण, ग्लास तिरपा.