मध गोठला म्हणजे भेसळ नव्हे

"सगळं खरं सांगत बसलो तर गिऱ्हाईक पळेल," असं धंद्यातले बरेच जण म्हणतात. थोडं पळतं, हे खरंय. माझा मधाचा छोटा धंदा आहे. थंडी पडली की फोन सुरू व्हायचे, "दादा, मध गोठला, साखर घातलीय ना?" म्हणून बाटलीसोबत चिठ्ठी द्यायला लागलो: मधातल्या ग्लुकोजचे कण बनतात, मोहरीच्या मधात तर फार लवकर. बाटली कोमट पाण्यात ठेवा, मध उकळू नका. फोन बरेच कमी झाले.

पाण्यात थेंब सोडून करायची ती 'शुद्धतेची परीक्षा' मीही पूर्वी व्हिडिओत दाखवायचो (खपही व्हायचा, खोटं कशाला बोलू!). पण साखरेचा दाट पाकही तसाच तळाशी जातो. तो व्हिडिओ काढून टाकला. भेसळ नीट कळते ती प्रयोगशाळेतच, तेव्हा चाचणीचा अहवाल मागा, माझ्याकडेसुद्धा.

चिठ्ठीत एक ओळ ठळक आहे: 1 वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, बोट्युलिझमचा (जंतूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा) धोका असतो. नातू झाला म्हणून मध न्यायला आलेल्या एक आजी ती वाचून बाटली परत ठेवून गेल्या.