सैन्यात एआय येतंय ते ठीक, पण 'थांब' कोण म्हणणार?

धोटा (धागाकर्ता)
पुतण्या अग्निवीर झालाय, ट्रेनिंग संपवून सुट्टीवर आलाय. काल इथं सोलापुरात आमच्या टॉवेलच्या कारखान्यात बसून मला मोबाइलवर ड्रोनचे व्हिडिओ दाखवत होता. म्हणाला, "काका, पुढं गोळी घालायला माणूस लागणारच नाही. एआय बघेल, एआय ठरवेल, एआयच उडवेल."

तेवढ्यात मागचा एक माग थांबला. ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला होता. ज्यांनी माग जवळून बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पत्र्याची एक बारीक पट्टी लटकत असते, तिला ड्रॉपर म्हणतात. धागा ताठ असेतोवर पट्टी वर राहते. तुटला की ती खाली पडते, सर्किट जुळतं आणि माग जागच्या जागी बंद. मग कामगार येतो, गाठ मारतो, पुन्हा चालू करतो.

म्हणजे गडबड वाटली की यंत्र थांबतं आणि माणसाची वाट बघतं. सैन्यात जे येऊ घातलंय त्यात यंत्र वाट बघणार नाही, म्हणून मला ते पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

कडक भाकरी
दादा, तुमचा टॉवेल उलटून तुमच्यावर गोळी घालत नाही, म्हणून मागाला थांबणं परवडतं.

ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, 8 मेच्या रात्री, सरकारनंच सांगितल्याप्रमाणे लेहपासून सर क्रीकपर्यंत 36 ठिकाणी 300 ते 400 ड्रोन आले. एकेका ड्रोनसाठी कुणाला उठवून विचारायचं? तिथं 'आकाशतीर' कामी आलं. भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बनवलेली ही यंत्रणा वेगवेगळ्या रडारांची माहिती एकत्र करून सगळ्यांना एकच चित्र दाखवते. हेच वायरलेसवर सांगत, कागदावर मांडत बसलो असतो तर पहाट झाली असती.

आणि माणूस मध्ये असला की सगळं सुरक्षित, हे कुणी सांगितलं? 27 फेब्रुवारी 2019 ला काश्मीरमधल्या बडगामला आपल्याच क्षेपणास्त्रानं आपलंच एमआय-17 हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाचे सहा जण आणि एक स्थानिक नागरिक गेला. तिथं कुठला एआय होता? माणसंच होती.

निवृत्त सुभेदार
भाकरी, बडगामचं खरं आहे, लपवण्यासारखं काही नाही. पण दुसरी बाजूही ऐका.

25 फेब्रुवारी 1991, सौदीतलं धहरान. अमेरिकेची पेट्रियट बॅटरी, म्हणजे येणारी क्षेपणास्त्रं हवेतच पाडणारी यंत्रणा, 100 तासांहून जास्त वेळ सलग चालू होती. आतलं घड्याळ सेकंदाचे दहा भाग करून मोजायचं. एक दशांश हा आकडा कॉम्प्युटरच्या शून्य-एकच्या (बायनरी) हिशेबात पुरता बसत नाही, शेपूट कापावं लागतं. तेवढंसं शेपूट साठत साठत 100 तासांत 0.34 सेकंदाचा फरक पडला. तेवढ्यात इराकचं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरच्या पुढं जातं. रडारनं भलतीकडं बघितलं, तिथं काहीच दिसलं नाही, बॅटरी गप्प राहिली. 28 अमेरिकन सैनिक मेले. यंत्र बंद करून चालू केलं असतं तरी घड्याळ शून्यावर आलं असतं. 'फार वेळ सलग चालवू नका' अशी सूचनाही गेली होती, पण फार म्हणजे किती, ते त्यात नव्हतं. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर पोहोचलं दुसऱ्या दिवशी.

माझा एआयला विरोध नाही. जुलै 2022 मध्ये राजनाथ सिंहांनी 75 एआय उत्पादनं जाहीर केली, त्यात पाळत होती, आवाज ओळखणं होतं, रसदपुरवठा होता. गाडी बंद पडायच्या आधी कुठला भाग जाणार हे यंत्र सांगत असेल तर माझ्यासारखा आयुष्य वर्कशॉपमध्ये घालवलेला माणूस त्याची पूजा करेल. पण ते सांगणार कशावरून? लॉगबुकवरून. आता लॉगबुक कशी भरतात ते ऐका. एका ठिकाणी इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री चार जण एका टेबलाभोवती बसून तीन महिन्यांचे किलोमीटर आणि तेलाचे आकडे भरताना मी पाहिलेत. एक सांगतोय, तिघं लिहितायत. गाडीनं ज्या दिवशी शेड सोडली नव्हती त्या दिवशीसुद्धा 40 किलोमीटर. हे उद्या एआयला खायला घातलं तर ते काय ओकणार? आधी ते सुधारा.

गड्डा
2025 च्या सुरुवातीला लष्करानं 400 ड्रोनची कंत्राटं चिनी सुट्या भागांच्या धास्तीनं रद्द केली, हेही लक्षात असू द्या. गणवेश सोलापूर शिवून देईल हो, चिप कुठून आणणार?

सात रस्ता
मी शिक्षिका, शस्त्रातलं कळत नाही. पण जबाबदारीचं कळतं. 9 मार्च 2022 ला आपलं ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानात पडलं. चौकशी झाली, ठरलेली पद्धत पाळली नाही म्हणून हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले. एआयनं सोडलं असतं तर बडतर्फ कुणाला केलं असतं? तरीही डिसेंबर 2023 मध्ये स्वयंचलित शस्त्रांबद्दलच्या ठरावावर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारतानं विरोधात मत दिलं. त्यामागं कारणं असतील, मला ते खटकलं एवढंच.

दुसरं. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून आपण रोज जातो. मे 1930 मधला आपल्याकडचा मार्शल लॉ शाळेत सगळे शिकलोय. त्याच्या काहीच दिवस आधी, 23 एप्रिलला, पेशावरला ब्रिटिश फौजेतल्या चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी निःशस्त्र जमावावर गोळी चालवायला नकार दिला. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. ड्रोनला असा नकार कोण शिकवणार? आणि शिकवला तर कुठलं सरकार तो विकत घेईल?

कडक भाकरी
ताई, मुद्दा जोरदार आहे, मान्य. पण गढवाली सैनिकांसमोर माणसं होती, आकाशतीरसमोर ड्रोन होते. दोन्ही एका तागडीत घालू नका.

आणि युक्रेनमध्ये काय चाललंय बघा. समोरचा रेडिओ जाम करतो, चालवणाऱ्याचा ड्रोनशी संपर्क तुटतो. मग कुणी ड्रोनला किलोमीटरच्या किलोमीटर ऑप्टिकल फायबरची दोरी बांधतो, कुणी शेवटच्या टप्प्याचं नेम धरणं यंत्रावर सोडतो. तुमचा ड्रॉपर पडला तरी गाठ मारायला कामगारच पोहोचू शकत नाही, अशी ती जागा आहे. समोरच्याचं यंत्र थांबणार नाही आणि आपलं थांबणार, मग काय करायचं?

धोटा
मग असं करा की. ड्रोनवर ड्रोन, क्षेपणास्त्रावर क्षेपणास्त्र, तिथं यंत्राला मोकळं सोडा. समोर माणूस असेल तर ड्रॉपर पडलाच पाहिजे. एवढं तरी दोघांना मान्य?

कडक भाकरी
मला मान्य.

निवृत्त सुभेदार
मला नाही. समोर माणूस आहे की क्षेपणास्त्र, हे ठरवणार कोण? यंत्रच ना! 23 मार्च 2003 ला इराक युद्धात पेट्रियटनंच ब्रिटिशांचं टॉर्नेडो विमान क्षेपणास्त्र समजून पाडलं. आतले दोघंही गेले. बॅटरीवर माणसं बसलेली होती बरं का, पण यंत्रानं जे नाव दिलं तेच त्यांनी खरं धरलं.

सात रस्ता
म्हणजे माणूस नुसता खुर्चीत असून भागत नाही. यंत्राला 'खोटं बोलतोस' म्हणायची त्याची हिंमत हवी आणि तेवढा वेळही हवा. चार वर्षांच्या नोकरीत ती येते का हो, सुभेदारसाहेब?

निवृत्त सुभेदार
ताई, मला यायला अकरा वर्षं लागली. तीही गाडीच्या इंजिनाबाबत.

धोटा
पुतण्याला हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणतो, चौघांतला एकच पुढं कायम होणार, मी त्यात आलो तर बघू. सुभेदारसाहेब, तुमचं लॉगबुकचं वाचून काल आमचं शिफ्टचं रजिस्टर काढलं. महिनाभर एकच शाई, एकच हस्ताक्षर, आणि 26 जानेवारीला कारखाना बंद असताना सगळे माग चालू.