चेंडू पेनल्टी क्षेत्रापर्यंत पोहोचतो, आणि तिथून पुढे आपल्या भारतीय फुटबॉल संघाचे नेमके काय होते?

पार्कचौककर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. 18 नोव्हेंबर 2025 रोजी ढाक्यात आपण बांगलादेशाकडून 0-1 असे हरलो, त्या रात्रीच येथे लिहिणार होतो. पण रागाच्या भरात लिहिलेले दुसऱ्या दिवशी आपल्यालाच वाचवत नाही, म्हणून थांबलो. आता डोके शांत आहे, तक्रार मात्र तशीच आहे.

आमच्या घरी फुटबॉलचे वेड मला एकट्यालाच. सामना चालू असताना वडील आतल्या खोलीत चटणीसाठी शेंगा फोडत बसतात आणि समालोचकाचा आवाज चढला की तिथूनच विचारतात, "झाला का गोल?" ढाक्यातल्या सामन्यात पूर्वार्धात त्यांनी दोन-तीनदा विचारले. उत्तरार्धात विचारायचेच सोडून दिले. आवाज चढतो, काही घडत नाही आणि आवाज पुन्हा उतरतो, हे ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय तेही ठाऊक नाही अशा माणसाच्याही लक्षात आले होते.

पराभव मला सहन होतो. बावीस वर्षांनी बांगलादेशाकडून हरलो हेही एक वेळ पचवीन. पण नव्वद मिनिटांत एकदाही खुर्चीवरून उठावेसे वाटू नये, हे सहन होत नाही. 2024 या संपूर्ण वर्षात आपण अकरा सामने खेळलो, एकही जिंकला नाही आणि गोल केले चार. अफगाणिस्तानविरुद्ध गुवाहाटीला छेत्रीने पेनल्टीवर केलेला पहिला, मलेशियाविरुद्ध हैदराबादला कॉर्नरवर राहुल भेकेने डोक्याने मारलेला दुसरा, आणि भेके बचावपटू आहे. म्हणजे चालू खेळातून आघाडीच्या खेळाडूंनी केलेले गोल राहिले दोनच, कतारविरुद्ध छांगते आणि व्हिएतनामविरुद्ध फारुख चौधरी. त्याच वर्षी जानेवारीत, इकडे सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरली असताना, आशिया चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांविरुद्ध मिळून आपली पाटी कोरीच राहिली होती.

2027 च्या आशिया चषकाच्या पात्रता फेरीतही तोच प्रकार आहे. पाच सामन्यांत दोन गोल, दोन्ही सिंगापूरविरुद्ध. रहीम अलीचा गोल प्रतिस्पर्ध्याच्या चुकीतून आला, आणि मडगावला छांगतेने केलेला गोल, कितीही देखणा असला तरी, दुरून मारलेल्या एका फटक्याचा होता. चार-पाच जणांनी चेंडू गुंफत नेऊन बचाव फोडला आणि गोल केला, असे एकही उदाहरण मला या पाच सामन्यांत सापडत नाही.

तेव्हा जाणकारांना विचारतो, हा दोष केवळ शेवटच्या फटक्याचा आहे, की फटका मारण्याची वेळ येण्याआधीच काहीतरी बिघडते? माझा संशय दुसऱ्या गोष्टीवर आहे. "संधी दवडली" असे आपण सारखे म्हणतो, पण दवडायला तरी संधी निर्माण कुठे होते?

जुना हाफबॅक यांचे उत्तर

आपला संशय बरोबर आहे, तरी हाँगकाँगचा सामना त्यातून वगळा. 10 जून 2025 रोजी आशिक कुरुनियनसमोर जवळजवळ मोकळा गोल होता आणि त्याने चेंडू बाहेर मारला. भरपाईच्या वेळेत पेनल्टी देऊन आपण तो सामना हरलो. ती संधी खरोखरच दवडली गेली. पण अशी स्वच्छ संधी इतक्या दुर्मीळ वेळा येते, की ती आपल्याला तारखेसकट आठवते, आणि आपल्या मुद्द्याला याहून मोठा पुरावा नको.

कारण माझ्या मते क्लबांमध्ये आहे. इंडियन सुपर लीग 2014 मध्ये सुरू झाली. तेव्हापासून 2024-25 च्या हंगामापर्यंत सर्वाधिक गोलांचा मान एकदाही भारतीय खेळाडूला मिळालेला नाही. एलानोपासून कोरो, ओगबेचे, दियामंताकोस आणि त्या शेवटच्या हंगामात 23 गोल करणारा मोरोक्कोचा अजाराई, सगळे परदेशी. मैदानावर एका वेळी चार परदेशी खेळवता येतात, आणि पैसा मोजून आणलेला परदेशी खेळाडू कोणताही मालक डाव्या बचावासाठी आणत नाही. तो नऊ किंवा दहा क्रमांकाच्या, म्हणजे स्ट्रायकरच्या किंवा त्याच्यामागे खेळ रचणाऱ्याच्या जागेसाठी आणला जातो. जिथे खेळ घडतो आणि जिथे संपतो, त्या दोन्ही जागा अशा भरल्या जातात. भारतीय मुलांना उरते कडेची पळापळ.

मनवीर सिंगचेच पाहा. देशासाठी तो स्ट्रायकर म्हणून उतरतो आणि मोहन बागानमध्ये वर्षानुवर्षे उजव्या कडेने धावतो, कारण मधली जागा कमिन्स, मॅकलारेन अशा परदेशी स्ट्रायकरांची असते. दोन बचावपटूंच्या मध्ये पाठ करून उभे राहायचे, चेंडू येण्याच्या अर्धा क्षण आधी एकाच्या नजरेआडून निसटायचे, ही विद्या आठवड्यातून एकदा सामन्यात वापरली तरच अंगात मुरते. वर्षातून आठ-दहा आंतरराष्ट्रीय सामन्यांपुरती ती बाहेर काढली तर गंजलेलीच निघणार.

आणि तरीही हाच मनवीर 16 नोव्हेंबर 2023 रोजी कुवेतमध्ये काय करून गेला, ते आठवा. छांगतेने डावीकडून चेंडू आत दिला, मनवीर वेळेवर पोहोचला, एकाच स्पर्शात फटका, आणि आपण कुवेतला त्यांच्या घरी 1-0 असे हरवले. त्यात अवघड असे काहीच नव्हते. कडेने धावणाऱ्याला आत कोण येणार हे ठाऊक होते आणि आत येणाऱ्याला चेंडू कुठे पडणार हे ठाऊक होते, एवढेच. हल्ली छांगते तितक्याच वेगाने धावतो, मान वर करतो आणि आत पाहतो तर निळी जर्सी एखादीच असते, तीही दोन बचावपटूंच्या मागे झाकलेली.

सात रस्ता यांचे उत्तर

हाफबॅक साहेब, आपले म्हणणे अर्धेच पटले. 2017-18 मध्ये बेंगळुरूकडे मिकू हा परदेशी स्ट्रायकर मधोमध खेळत असे आणि छेत्रीला डावी कड मिळाली होती. त्या हंगामात छेत्रीने चौदा गोल केले. पुढे 2024-25 मध्ये, वयाच्या चाळिशीत, पुन्हा चौदा केले आणि त्या हंगामात कोणत्याही भारतीयाचे एवढे गोल नव्हते. जागा हिरावली गेली तरी पेनल्टी क्षेत्रात शिरणारा माणूस शिरतोच. आपल्याकडे त्याच्यानंतर कोणी शिरत नाही, आणि याचा दोष मी प्रशिक्षकांच्या भित्रेपणाला देतो. श्टिमाच गेले, मार्केझ गेले, आता खालिद जमील आहेत. ताजिकिस्तानला आपण 2-1 असे हरवले तेव्हा सगळे आनंदले, पण ते दोन गोल अन्वर अली आणि संदेश झिंगन यांचे, म्हणजे दोन्ही मध्य बचावपटूंचे, आणि पहिला तर कडेवरून फेकलेल्या लांब थ्रोवर. लांब थ्रो हे हत्यार आहे, मान्य. पण आघाडीच्या फळीची सगळी भिस्त त्यावर असेल, तर तिला आघाडी का म्हणायचे?

मुरूम मैदान यांचे उत्तर

मी गेली काही वर्षे आपल्या शहरात चौदा वर्षांखालील मुलांना सकाळी शिकवतो, पगारी नाही, हौशी. राष्ट्रीय संघाबद्दल अधिकाराने बोलण्याची माझी पात्रता नाही, आणि सोलापूरच्या मैदानांमुळे ढाक्यात हरलो असे म्हणणे तर हास्यास्पदच ठरेल, कारण आपली मुले त्या संघाच्या जवळपासही पोहोचत नाहीत. तो संघ मिझोराम, मणिपूर, पंजाब, केरळ, गोवा इथला. तरीही आपण ज्याला "आत कोणी शिरत नाही" म्हणता, ते मी रोज सकाळी सव्वासहा वाजता फार जवळून पाहतो, म्हणून लिहितो.

आमचे मैदान मुरमाचे आहे. रेषा फक्कीने आखायच्या, त्या अर्ध्या तासात पायांखाली पुसल्या जातात. मुरमावर चेंडूचा टप्पा कसा उठेल याचा नेम नसतो. पायाशी थांबायला हवा तो चेंडू गुडघ्याला लागून दोन हात पुढे जातो, आणि तेवढ्यात समोरचा मुलगा अंगावर येतो. दोन-चार वेळा असे झाले की मुलगा शहाणा होतो, म्हणजे चेंडू पायाशी घेणेच सोडतो. आला की लांब मारायचा, नाहीतर ज्याने दिला त्यालाच परत द्यायचा. जिथे गर्दी सर्वांत जास्त आणि चुकीची शिक्षा सर्वांत मोठी, त्या पेनल्टी क्षेत्रात तर तो आपण होऊन जातच नाही. तो कडेला सरकतो. कडेला मोकळी जागा असते, तिथे धावले की पालक टाळ्या वाजवतात.

पालकांचे सांगायलाच हवे. रविवारी सामना असला की रेषेवर दहा-पंधरा वडीलधारे उभे असतात आणि दर दहा सेकंदांनी ओरड होते, "पास दे रे, पास दे!" माझ्याकडे एक मुलगा आहे, अंगाने बारका. गोलाकडे पाठ असताना चेंडू मिळाला की तो न चुकता मागे देई. मी एकदा त्याला विचारले, "वळत का नाहीस?" तो म्हणाला, "सर, वळलो आणि चेंडू गेला तर सगळे ओरडतात. मागे दिला तर कोणीच ओरडत नाही." बारा वर्षांच्या मुलाने मांडलेला हा हिशेब मला खोडता आला नाही.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला आहे. गोलापुढे वीस पावलांवर दोन्ही बाजूंना एकेक चप्पल ठेवतो. त्या दोन चपलांच्या पुढे चेंडू गेला की मागे पास द्यायला बंदी, आणि बाहेरच्यांनी तोंड उघडायला बंदी. वळ, फटका मार, नाहीतर शेजाऱ्याला दे, पण तोंड गोलाकडे हवे. पहिले दोन महिने भयंकर गेले. चेंडू सारखा हिसकावला जाई, समोरचे प्रतिहल्ल्यात गोल करत, आणि एका पालकाने आपला मुलगा काढून क्रिकेटला घातला. (उन्हाळी शिबिराची फी त्यांनी आधी भरलेली होती, ती मी परत केली. असो.) तिसऱ्या महिन्यात तो बारका मुलगा एकदा खांदा खाली टाकून असा वळला, की त्याला पकडणारा मुलगा फक्कीवर बसकण मारून राहिला. फटका खांबाबाहेर गेला, पण कोणी ओरडले नाही.

म्हणून सात रस्ता यांना एवढेच सांगेन, की प्रशिक्षक भित्रे असतील, पण त्यांच्या हाती येणारी मुले दहा-बारा वर्षे भीतीच शिकून आलेली असतात. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपण दिल्लीत कोलंबियाविरुद्ध केलेला एकमेव गोलही कॉर्नरवर, जॅक्सन सिंगच्या हेडरवर आला होता, आणि तो मध्यरक्षक. खेळ थांबलेला असताना आपल्याला धीर असतो, कारण कुठे उभे राहायचे हे कोणीतरी आधीच सांगितलेले असते.

जुना हाफबॅक यांचे उत्तर

सर, मैदानाचा मुद्दा एकदम मान्य. माझ्या तरुणपणी आम्ही कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर सामने पाहायला जात असू. तिथे खेळाडूने दोघांना चकवले की अख्खा कट्टा उभा राही, मग पुढे चेंडू गेला तरी चालेल. पेठांच्या त्या ईर्ष्येत हाणामाऱ्याही पुष्कळ होत, पण अंगावर घेऊन वळण्याला तिथे दाद होती. 2017 च्या त्या सतरा वर्षांखालील संघातला अनिकेत जाधव त्याच गावचा, हे मला योगायोगाचे वाटत नाही. अर्थात तोही पुढे कडेचाच खेळाडू झाला, म्हणजे पुन्हा माझ्या मुद्द्यावर आलो.

पार्कचौककर यांचे उत्तर

सर्वांचे आभार. मी शेवटच्या पासपर्यंत मागे गेलो होतो, मुरूम मैदान सरांनी मला बारा वर्षांच्या मुलाच्या पाठीपर्यंत नेले. त्यांचे लिहिलेले वाचल्यावर ढाक्यातल्या सामन्याचे उत्तरार्धातले तुकडे पुन्हा पाहिले, आणि आता एक गोष्ट डोळ्यांना सोडत नाही. आपले खेळाडू पेनल्टी क्षेत्राच्या कडेवर चेंडू घेतात तेव्हा त्यांचे खांदे आपल्याच गोलाकडे वळलेले असतात. चेंडू पायाशी येण्याआधीच त्यांचे परत देण्याचे ठरलेले दिसते.

सात रस्ता दादा, प्रशिक्षकांबद्दल आपल्याइतके कठोर व्हायला मी तयार नाही. ज्याच्या हाती शिबिराचे दहा दिवस असतात तो लांब थ्रोच घोटून घेणार, कारण दहा दिवसांत तेवढेच पाठ होते. पण मार्च 2026 मध्ये हाँगकाँगविरुद्धचा सामना आहे, आणि आपण तर आशिया चषकाच्या बाहेर गेलो आहोत, गमावण्यासारखे काहीच नाही. त्या सामन्यात तरी दोन जण एकदम आत धाडायला कोणाची हरकत नसावी. छांगते धावेल तेव्हा मी चेंडूकडे पाहणारच नाही, आत कोण धावते आहे एवढेच पाहीन.

सर, रविवारी सकाळी आपल्या मैदानावर आलो तर चालेल का? वडीलही येतो म्हणत आहेत. चपलांच्या पुढे बोलायचे नाही, हे त्यांना मी आधीच बजावून ठेवतो, फक्त "झाला का गोल?" एवढे त्यांच्या तोंडून गेले तर सांभाळून घ्या.