शब्दचर्चा : ‘विश्वासात वाढणे’ म्हणजे नेमके काय वाढणे?

मूळ टिपण

आमच्या भगिनी मंडळाच्या मागच्या सभेत, नुकतेच लग्न होऊन आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आलेल्या एका मुलीने मला विचारले, “बाई, तुम्ही सगळ्याजणी प्रार्थनेत ‘आम्हांला विश्वासात वाढव’ असे म्हणता, पण माझा विश्वास काल होता तेवढाच आजही आहे, तो वाढला हे मला कळावे तरी कशावरून?” मी तिला नित्य प्रार्थना, शास्त्रवाचन, उपासनेस हजर राहणे असे नेहमीचे उत्तर दिले. ते खोटे नव्हते, पण तिचा प्रश्न शब्दाचा होता आणि मी उत्तर सवयींचे दिले, हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आले. म्हणून हा वाक्प्रयोग येथे चर्चेला ठेवते.

पहिली गोष्ट व्याकरणाची आहे. ‘माझा विश्वास वाढव’ आणि ‘मला विश्वासात वाढव’ ही दोन वाक्ये आपण एकाच अर्थाने वापरतो, परंतु ती एक नाहीत. पहिल्या वाक्यात विश्वास ही डब्यातल्या साखरेसारखी मोजता येणारी वस्तू आहे. दुसऱ्या वाक्यात ‘विश्वासात’ ही सप्तमी आहे, म्हणजे विश्वास ही जागा आहे आणि वाढायचे आहे ते त्या जागेत राहणाऱ्या बाईने. लेकरू घरात वाढते तेव्हा आपण घर किती वाढले हे मोजत नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायात प्रेषितांनी पहिल्या प्रकारची मागणी केली, आमचा विश्वास वाढवा म्हणून; तेव्हा प्रभूने मोहरीच्या दाण्याएवढा विश्वासही पुरे, असे उदाहरण देऊन त्यांच्या हातातले मापच काढून घेतले, असे मला ते वचन वाचताना वाटते.

विश्वास हा शब्द मराठीत एकटा क्वचितच येतो. तो आपण ठेवतो, धरतो, टाकतो. तो बसतो आणि उडतो. ख्रिस्ती मराठीने या कुटुंबात ‘विश्वासणे’, ‘विश्वासणारे’ आणि ‘विश्वासात येणे’ यांची भर घातली. ‘अमुक बाई विश्वासात आली’, म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवू लागली, असे आपण सहज म्हणतो, पण मंडळीबाहेरच्या मराठीत ‘विश्वासात घेणे’ म्हणजे एखाद्याला मनातली गोष्ट सांगण्याइतके जवळचे मानणे, आणि म्हणून आपले वाक्य ऐकून शेजारीण विचारते, “कोणाच्या विश्वासात?” मला हा प्रश्न फार चांगला वाटतो, कारण त्याचे उत्तर देताना विश्वास हे मत न राहता नाते होते.

मोजमापाच्या भाषेबद्दल मी इतक्या आग्रहाने लिहिते, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझे यजमान महिनाभर रुग्णालयात होते आणि प्रकृतीला उतार पडत नव्हता. तेव्हा भेटीला आलेल्या एका भगिनीने, माझ्या भल्यासाठीच, मला सांगितले, “ताई, तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडतो आहे.” कमी पडणे हे क्रियापद मीठ, पैसे आणि लग्नातली पाने यांच्यासाठी आहे. त्या रात्री मी बाकावर बसून आपल्यात किती विश्वास शिल्लक आहे याचा हिशेब करीत राहिले आणि त्या नादात प्रार्थना करायचीच राहून गेली. प्रकृतीचे पुढे जे व्हायचे ते झाले, यजमान घरी आले. पण त्या एका क्रियापदाने दिलेला अपराधीपणा माझ्या मनातून जायला बराच काळ लागला.

पुढे आमच्या एका जुन्या पाळकसाहेबांनी इब्री (हिब्रू) भाषेतला ‘एमुना’ हा शब्द मला समजावून सांगितला. आपण ज्याला विश्वास किंवा विश्वासूपणा म्हणतो त्यासाठी जुन्या करारात हा शब्द येतो, आणि ज्या ‘आमेन’ने आपण प्रार्थना संपवतो तोही त्याच मुळातला आहे. जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात इस्राएल लोकांची अमालेकाशी लढाई चालू असताना मोशे टेकडीवर हात वर करून उभा असतो, त्याचे हात जड होतात, तेव्हा अहरोन व हूर त्याला खाली धोंड्यावर बसवतात आणि एकेका बाजूने एकेक हात धरून ठेवतात. सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहिले, असे तेथे सांगताना ‘स्थिर’ या जागी मुळात ‘एमुना’ हाच शब्द आहे. हात मोशेचे होते, पण त्यांची स्थिरता दुसऱ्यांनी धरून ठेवल्यामुळे होती. रुग्णालयाच्या बाकावर मला हे कोणी सांगितले असते, तर मी हिशेब केला नसता, मंडळीतल्या दोन बायकांना बोलावून घेतले असते.

याच मुळाजवळ शब्दकोश आणखी एक शब्द मांडतात, ‘ओमेनेत’, म्हणजे लेकराला उराशी धरून सांभाळणारी दाई. जुन्या करारातल्या रूथ या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात रूथची सासू नामी आपल्या नातवाची ‘ओमेनेत’ झाली. नवरा व मुलगे गमावून मोआब देशातून परतल्यावर जी बाई ‘मला नामी म्हणू नका, मारा (म्हणजे कडू) म्हणा’ असे सांगत होती, तिच्याकरिता शेवटी हा शब्द यावा, याने मी आजही भरून येते.

तेव्हा प्रश्न असा की, ‘विश्वासात वाढणे’ याला रोजच्या मराठीत अधिक नेमका पर्याय आहे का? आपापल्या घरचे शब्द कळवावेत.

प्रतिसाद, वसईहून

ताई, आमच्या कॅथलिक घरात ‘विश्वास’पेक्षा ‘श्रद्धा’ आणि ‘भाविक’ हे शब्द अधिक कानावर पडतात, आणि ‘विश्वासात येणे’ तर मी पहिल्यांदा प्रॉटेस्टंट मैत्रिणीकडून ऐकले. पण माझ्या सासूबाई मूळच्या गोव्याच्या, त्यांच्या तोंडी यासाठी ‘भावार्थ’ असा शब्द असे. मराठीत आपण कवितेचा भावार्थ लिहितो. गोव्याच्या कोंकणीत मात्र ख्रिस्ती माणूस आजही देवावरच्या विश्वासाला भावार्थ म्हणतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध केले, त्या काळापासून आपल्या किनाऱ्यावर देवाच्या गोष्टी भाव, भक्ती अशाच घरच्या शब्दांत सांगितल्या जात आहेत. सासूबाईंना लिहितावाचता येत नव्हते. रोज तिन्हीसांजेला वेदीसमोर मेणबत्ती लावून त्या रोझरीचे मणी ओढीत, आणि मध्येच कोणी दारात आले तर जो मणी धरला असेल तो सोडत नसत, मुठीत तसाच धरून दार उघडीत. भावार्थ ‘धरणे’ म्हणजे काय, हे मला त्या मुठीकडे पाहून कळले.

मूळ लेखिकेचे उत्तर

‘भाव’ आपल्या प्रॉटेस्टंट शास्त्रातही आहे. नीतिसूत्रे ३:५ मध्ये ‘परमेश्वरावर भाव ठेव’ असेच भाषांतर आहे, आणि त्याच वचनात आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस असे सांगून भाव म्हणजे टेकणे, भार टाकणे, हे स्पष्ट केले आहे. ‘भाव तेथे देव’ आणि ‘मनी नाही भाव आणि देवा मला पाव’ या म्हणी तर प्रत्येक मराठी घरात आहेत. अडचण एवढीच की, आजच्या मुलींच्या कानाला भाव म्हटले की आधी भाजीचा भाव ऐकू येतो. तरीही प्रार्थनेत हा शब्द परत यावा, असे माझे मत आहे.

प्रतिसाद, एका निवृत्त शिक्षिकेचा

मला एक छोटी शंका आहे. आपण ‘आत्मिक वाढ’ म्हणतो, वर्तमानपत्रे ‘आध्यात्मिक उन्नती’ म्हणतात. हे एकच आहे का?

मूळ लेखिकेचे उत्तर

बाई, रोजच्या बोलण्यात एकच. पण मी फरक करते. ‘आध्यात्मिक’मधला आत्मा माणसाचा स्वतःचा आहे, दृष्टी आत वळवायची आहे. नव्या करारातला ‘आत्मिक’ हा शब्द मात्र बहुतेक ठिकाणी पवित्र आत्म्याकडे बोट दाखवतो. गलतीकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात प्रीती, आनंद, शांती यांपासून इंद्रियदमनापर्यंत नऊ गुण मोजले आहेत, पण ‘फळ’ हा शब्द एकवचनी आहे आणि ते फळ आत्म्याचे आहे, आपले नव्हे. ‘उन्नती’ मला याकरिता नको वाटते, कारण त्यात पायऱ्या चढणे आहे. फळ पायऱ्या चढून येत नाही.

प्रतिसाद, सोलापूरहून

नित्याच्या भक्तीबद्दल बोलताना ‘मनन’ या शब्दावरही चर्चा व्हावी, असे मला वाटते. आम्हांला लहानपणापासून शिकवले गेले की, मनन म्हणजे सकाळी एकांतात, शांत बसून, वचनावर विचार करणे. दोन लहान मुले, सकाळी सहाचे पाणी आणि नवऱ्याचा डबा असे ज्या बाईचे आयुष्य आहे, तिला हा एकांत कधी मिळणार? अनेक वर्षे मी स्वतःला मनन न करणारी बाई समजत होते. नंतर कळले की, पहिल्या स्तोत्रात जेथे आपण ‘मनन’ वाचतो तेथे मूळ इब्री क्रियापद ‘हागा’ आहे आणि त्याचा अर्थ हलक्या आवाजात पुटपुटणे असा आहे. यशया ३८ मध्ये पारव्याच्या घुमण्यालाही तेच क्रियापद लावले आहे. म्हणजे मनन मुळात मनात नसून ओठांवर आहे.

माझी आजी जात्यावर बसली की, तिने ओवीच्या चालीवर बसवलेले तेविसावे स्तोत्र म्हणत असे. एका ओळीला खुंट्याचा एक फेरा, आणि ‘मृत्युच्छायेची दरी’ आली की ती हात थांबवून मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात टाकत असे, मग पुढची ओळ. तिला मनन हा शब्द ठाऊक नव्हता, ती म्हणे, “मी देवाचं घोळवते.” घोळवणे म्हणजे पीठ लावून उंडा सगळीकडून फिरवणे, आणि तोंडात गोळी घोळवणेही. माझ्या मते ‘हागा’ला इतका जवळचा मराठी शब्द दुसरा नाही. आता मी तांदूळ निवडताना एक वचन घोळवते, एकच, दिवसभर तेच.

मूळ लेखिकेचे उत्तर

‘घोळवणे’ मी आजपासून उचलला. पंडिता रमाबाईंनी बायबलचे भाषांतर करताना नेमका हाच ध्यास घेतला होता, की फारसे न शिकलेल्या खेडेगावातल्या बाईलाही वाचता येईल अशा मराठीत शास्त्र यावे. त्यासाठी त्या स्वतः इब्री व ग्रीक शिकल्या, आणि दौंडजवळच्या केडगावी त्यांनीच उभारलेल्या मुक्ती सदनाच्या छापखान्यात बायकांनीच ते काम छापले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

रमाबाईंचे नाव निघाले म्हणून ‘विश्वासात येणे’ याबद्दलही एक लिहिते. हा वाक्प्रयोग ऐकला की एखादी घटना घडली आणि संपली, असे वाटते. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, परंतु त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत सांगितले आहे की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो मिळालेला नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे उलटे. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई दुःखाने कोलमडल्या होत्या. सोवळ्याओवळ्याचे एकेक बंधन गळत गेले आणि पाच वर्षांनी त्यांनी आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. एकीच्या बाबतीत विधी आधी आणि येणे मागून, दुसरीच्या बाबतीत येणे आधी आणि विधी मागून. ‘आली’ हा भूतकाळ दोघींनाही पुरत नाही. ‘येत आहे’ म्हणावे लागते.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. ‘वाढणे’ हे क्रियापद आपल्याकडे दोन कामे करते: मूल वाढते, आणि आई ताट वाढते. पहिले अकर्मक, दुसरे सकर्मक. मार्था व मरीया या बहिणींच्या गोष्टीवर, मरीया प्रभूच्या पायांशी ऐकत बसली आणि मार्था वाढण्याच्या कामात गुंतली त्या गोष्टीवर, प्रवचन झाले की बायकांना नेहमी मार्थेबद्दल बोल ऐकावे लागतात, जणू वाढणारी बाई वाढत नाही. पण लूकच्या १० व्या अध्यायात प्रभू तिला वाढण्याबद्दल दोष देत नाही, पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग केल्याबद्दल बोलतो. आणि योहानाच्या १२ व्या अध्यायात, त्यांचा मेलेला भाऊ लाजर पुन्हा उठल्यानंतरच्या जेवणात, मार्था पुन्हा वाढतेच आहे, आणि तेथे तिला कोणी काही म्हणत नाही.

त्या मुलीला मी काल फोन केला. मार्कच्या ४ थ्या अध्यायातला बी पेरणारा माणूस मी तिला वाचून दाखवला: तो रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसे रुजते व वाढते हे त्याला कळत नाही, आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. “म्हणजे कळत नाही हेच उत्तर आहे का?” असे तिने विचारले. मी म्हटले, शेतकऱ्यालाही कळत नाही, पण तो शेतावर जायचे सोडत नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “मग प्रार्थनेत ‘वाढव’च्या जागी ‘रुजव’ म्हटले तर चालेल का?”

मला चालेल असे वाटते. रुजणे जमिनीखाली होते आणि तेथे माप लावता येत नाही. विदर्भातल्या आणि कोकणातल्या भगिनींच्या प्रार्थनेत या ठिकाणी कोणते क्रियापद येते, हे त्यांनी जरूर लिहावे. बुधवारच्या सभेत मला ते वाचून दाखवायचे आहे.