पेन्टेकॉस्टला घरात काही काम नाही म्हणणाऱ्यांना उत्तर

ओसरी: नाताळला दाखवायला गोठा असतो, पुनरुत्थानाला रिकामी कबर असते, पेन्टेकॉस्टला, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या सणाला, मात्र काहीच नसते, म्हणून तो उपासनेपुरता ठेवावा आणि घरात मुलांना त्यात गुंतवू नये, असे काल एका सद्गृहस्थांनी लिहिले. कृपया बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा दुसरा अध्याय पुन्हा वाचावा. वाऱ्याचा नाद शिष्य बसले होते त्या घरात भरला, आणि त्यांच्यातल्या पेत्राने योएल संदेष्ट्याचे जे वचन घेतले त्यात मुलगे, मुली, तरुण, वृद्ध, दास आणि दासी अशी घरातलीच माणसे एकेक करून येतात.

सडेतोड: ‘घर’ या एका शब्दावर आपण केवढा इमला चढवलात! त्याच दिवशी सुमारे तीन हजारांचा बाप्तिस्मा झाला, तो काय माजघरात? शिवाय घरोघरी आत्मा उतरवण्याच्या हौसेचे फळ आम्ही चाखले आहे. एका घरगुती प्रार्थनासभेत माझ्या पत्नीला अन्यभाषा, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलणे, येत नाही म्हणून दोन तास गुडघ्यांवर ठेवले आणि ‘काहीतरी पाप लपवते आहेस’ असे सर्वांदेखत सुनावले. ती त्यानंतर वर्षभर कोणासमोर मोठ्याने प्रार्थना करू शकली नाही.

जिव्हाळा: जे झाले ते निंद्यच होते, परंतु एका उर्मट पुढाऱ्यामुळे अन्यभाषेचे कृपादान खोटे ठरत नाही. १९०६ साली लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय पाळकाच्या अन्यभाषांनी गाजलेल्या सभांत, वर्णभेद रोजचाच असलेल्या त्या काळात, काळे आणि गोरे शेजारी शेजारी गुडघे टेकत होते, हेही आपल्याला हौसच वाटते काय?

सडेतोड: अझुसाला मध्ये आणून प्रेषित पौलाला टाळू नका. मंडळीत अन्यभाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजून बोललेले पाच शब्द बरे, असे त्याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहिले, आणि बोलणारे दोघे किंवा फार तर तिघे असावेत, अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसावे, असेही बजावले. माझ्या पत्नीच्या त्या प्रार्थनासभेत एकाच वेळी वीस जण बोलत होते आणि अर्थ सांगणारा एकही नव्हता.

जिव्हाळा: ‘अन्यभाषा बोलण्यास मना करू नका’ हे त्याच अध्यायाच्या शेवटी आहे. तिथवर आपले वाचन बहुधा पोहोचले नसावे.

ओसरी: दोघेही बोलणाऱ्यांवरच अडलात. पेन्टेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेतला जमाव थक्क झाला तो पार्थी, मेदी, एलामी अशा निरनिराळ्या देशांच्या प्रत्येकाला आपापली भाषा ऐकू आली म्हणून. पक्षाघाताने माझ्या वडिलांची वाचा गेली, त्यानंतर रात्रीच्या प्रार्थनेत ते माझ्या मुलीच्या तळहातावर बोटाने तीनदा टकटक करीत आणि ती सहा वर्षांची पोर आमच्याकडे वळून सांगे, ‘आजोबा आमेन म्हणाले.’ एकदा टकटक चारदा झाली, तेव्हा ती म्हणाली, ‘अजून संपले नाही, आजीचे नाव राहिले.’ मुलांना पेन्टेकॉस्ट दाखवायला आणखी काय हवे?

सडेतोड: अर्थ सांगणारी होती, म्हणजे पौलाची अट पाळली गेली, एवढ्यापुरते आपले घर मान्य. तीन हजारांचा हिशेब मात्र आपण अजून दिलेला नाही.

जिव्हाळा: आणि चौथी टकटक त्या पोरीला कोणी शिकवली, हे पौलाचे वकील सांगतील काय?