बीबीसी मायक्रोला लिनक्समधून नेट दिलं, तर नेटवर नक्की कोण आलं?

जुनीकळ:
मागच्या महिन्यात माझा बीबीसी मायक्रो, म्हणजे १९८० च्या दशकातला ब्रिटिश संगणक, नेटवर आला. १९८४ मध्ये सुरू झालेल्या क्लास या संगणक-शिक्षण प्रकल्पातून आपल्याकडच्या शाळांना हीच मशिनं मिळाली होती, माझं तशाच एका शाळेच्या भंगारातून आणलेलं. मॉडेल बी, ३२ केबी रॅम, २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर. मागच्या आरएस४२३ सिरियल पोर्टमधून केबल काढली, यूएसबी-सिरियल ॲडॉप्टर लावला आणि डेबियन लिनक्स असलेल्या जुन्या लॅपटॉपला जोडली. लिनक्सवर त्या पोर्टला ९६०० बॉड वेगावर एगेटी (लॉगिन दाखवणारा प्रोग्राम), इकडे बीबीसीवर तोच वेग ठरवायला स्टार एफएक्स ७,७ आणि ८,७, मग टर्मिनलची रॉम (मशिनला दुसऱ्या संगणकाचा कीबोर्ड-पडदा बनवणारी) चालू केली की लॉगिन विचारतं. पहिले दोन दिवस ओळीमधली अक्षरं गळत होती, डोकं फिरायची वेळ आली, शेवटी कळलं की केबलमध्ये तीनच तारा सोल्डर केल्यात, आरटीएस-सीटीएस या थांबा-पाठवा सांगणाऱ्या तारा जोडलेल्याच नाहीत, म्हणजे स्क्रीन वर सरकताना मशिन "थांब" म्हणतंय ते लिनक्सपर्यंत पोचतच नव्हतं. दोन तारा वाढवल्या आणि मग एकही अक्षर गळलं नाही.
माझं मत स्पष्ट आहे, जुनं मशिन नेटवर आणायची हीच योग्य पद्धत. आत काही कापाकापी नाही, आणि पोर्ट ज्यासाठी दिलं होतं तेच काम करतंय.

सहापाचशून्यदोन:
केबलचं काम छान झालंय, पण मत अजिबात पटलं नाही. नेटवर तुमचा लॅपटॉप आहे, बीबीसी नुसता कीबोर्ड आणि पडदा झालाय. आयपी पॅकेट, म्हणजे नेटवरून जाणारा माहितीचा तुकडा, त्याने एकही पाहिलं नाही. कमोडोर ६४ या तशाच जुन्या संगणकावर स्वीडनच्या ॲडम डंकेल्सनी २००३ मध्ये काँटिकी ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आणली, ६४ केबीत टीसीपी/आयपी (नेटचे मूळ नियम) आणि वर ब्राउझरसुद्धा, ते सुद्धा १ मेगाहर्ट्झच्या आतल्या प्रोसेसरवर! माहिती बिनचूक आली का ते तपासणारी बेरीज, म्हणजे चेकसम, ते मशिन स्वतः काढतं. त्याला म्हणायचं नेटवर येणं.

जुनीकळ:
काँटिकीबद्दल मलाही आदर आहे. पण सिरियलवरून स्लिप (सिरियल तारेवरून आयपी पॅकेट पाठवायची पद्धत) लावलंत तरी पलीकडे स्लॅटॅचने ती लाइन जोडायला आणि नॅटने पत्ता बदलून पुढे पाठवायला लिनक्सच बसवणार ना? आणि आज बहुतेक साइट एचटीटीपीएस, ते एन्क्रिप्शन ६५०२ ने करायचं म्हटलं तर पान उघडेपर्यंत समोरचा सर्व्हर कनेक्शन तोडून मोकळा. कुठलं ओझं कुणी उचलायचं एवढाच प्रश्न आहे. शिवाय टर्मिनल म्हणजे कमीपणा कसा? १९७९ मध्ये प्रेस्टेल ही फोनवरून माहितीची पानं दाखवणारी सेवा सुरू झाली तेव्हापासून ब्रिटनमध्ये लोक घरातून फोन लाइनवर असंच वाचत होते, आणि बीबीसीचा मोड ७ हा स्क्रीन-प्रकार त्याच टेलिटेक्स्टच्या (टीव्हीवरच्या मजकूर-पानांच्या) घरातला, पूर्ण स्क्रीन १ केबीत. ९६०० ला ती जेमतेम एका सेकंदात भरते, बघत बसावंसं वाटतं.

सहापाचशून्यदोन:
ओझं वाटून घ्यायला ना नाही हो, पण स्लिपमध्ये पत्ता मशिनचा असतो, उत्तर त्याच्या नावाने येतं. मुलांना नेटवर्क शिकवायचं असेल तर हा फरक फार मोठा आहे. तुमच्या पद्धतीत मुलगा लिनक्स शिकेल, बीबीसी नाही.

काना_मात्रा:
मला यातलं हार्डवेअर फारसं कळत नाही, पण तुमच्या स्क्रीनवर मराठी पान कसं दिसतं?

जुनीकळ:
ताई, सगळी प्रश्नचिन्हं. मोड ७ ची अक्षरं चिपमध्येच कोरलेली आहेत, तिथे देवनागरी शक्यच नाही. ग्राफिक्स मोडमध्ये व्हीडीयू २३ या आदेशाने स्वतःची अक्षरं बनवता येतात पण ८ बाय ८ ठिपके, एरवी फक्त ३२ अक्षरं, त्यात "ष्ट्र" कसा बसवणार. म्हणून मी आता पायथनमध्ये लिहितोय, लिनक्स मराठी ओळीचं चित्र करेल आणि सिरियलवरून ठिपके पाठवेल, बीबीसीवर बेसिकचा छोटा प्रोग्राम ते काढेल.

सहापाचशून्यदोन:
आता बोललात! इथे ६५०२ ला खरंच काम मिळतंय. बेसिकमध्ये रखडेल, ठिपके मेमरीत टाकायचं रुटीन असेंब्लीत (प्रोसेसरच्या थेट भाषेत) करा, मी लिहून देतो. माझा मूळ मुद्दा मात्र सोडलेला नाही.

जुनीकळ:
द्या, नक्की वापरतो. आणि हे वाचून कुणी माळ्यावरचं मशिन काढणार असेल तर थेट प्लग लावू नका. पॉवर सप्लायमधले जुने मेन्स फिल्टर कपॅसिटर तडकलेले असतात, चालू केल्यावर काही मिनिटांत खोलीभर धूर होतो. ते आधी बदलून घ्या, केबलचं नंतर बघू.